ग्रीनच्या कडेला आलात ना, मग बॉल उडवू नका, पळवा

गेल्या अंकात म्हटलं होतं की गोल्फमधे ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताच्या, आसपासच्या शॉट्सबद्दल काही अडत असेल तर लिहा, आणि इतकी पत्रं आली की वाचता वाचता माझीच जुनी दुखणी वर आली. बहुतेकांचं रडगाणं एकच आहे. तीनशे-साडेतीनशे यार्ड दोन फटक्यांत आणि शेवटची पंधरा पावलं चार फटक्यांत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण ज्यात बाकीच्यांचीही उत्तरं येऊन जातील असे प्रश्न निवडलेत.

सर, तीन वर्षं खेळतोय, हँडिकॅप २२, म्हणजे पारपेक्षा (ठरलेल्या फटक्यांपेक्षा) साधारण बावीस जास्त. ड्राइव्ह बरा जातो पण ग्रीनपासून चार-पाच पावलांवर बॉल असला की घाम फुटतो. ६० डिग्रीचा वेज, म्हणजे बॉल उंच उडवणारा क्लब, घेतो, कधी बॉलच्या मागची जमीन खणतो आणि बॉल दोन फूट पुढे सरकतो, कधी क्लबची कड बॉलच्या पोटात बसते आणि तो ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमधे, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. चांगल्या कंपनीचा दुसरा वेज घ्यावा का?

नका घेऊ हो. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणणार नाही, कारण तुमचं नाचणं ठीक असावं, अंगणच चुकीचं निवडलंय. तुमच्या आणि होलच्या मधे ना बंकर ना पाणी, दोन-तीन पावलं कापलेलं गवत आणि मग सपाट ग्रीन, आणि तुम्ही बॅगेतला सगळ्यात अवघड क्लब बाहेर काढताय. टीव्हीवर प्रो लोक तो क्लब घेऊन बॉल उंच उडवतात आणि होलपाशी टपकन थांबवतात ते बघायला मजा येते, मान्य, पण त्यांनी तो शॉट हजारो वेळा मारलेला असतो आणि त्यातलेही बरेच जण जागा असेल तर बॉल खालूनच पळवतात.

हिशोब साधा आहे. लॉफ्ट म्हणजे क्लबच्या तोंडाचा मागे झुकलेला कोन, आणि ६० डिग्रीचा लॉफ्ट म्हणजे तुम्ही दिलेला बराचसा जोर बॉल वर न्यायला खर्च होतो, पुढे जायला थोडाच उरतो, म्हणून तेवढंच अंतर गाठायला स्विंग मोठा लागतो. स्विंग मोठा झाला की क्लबहेड जमिनीला नेमकं कुठे लागेल यातला फरकही वाढतो, आणि इथे इंचभराच्या चुकीने शॉट संपतो. तेच ८ किंवा ९ आयर्न घेतलंत (आयर्नचा आकडा लहान तसा लॉफ्ट कमी) तर लांबच्या पटएवढा, म्हणजे ग्रीनवर बॉल लोळवायच्या फटक्याएवढा, स्ट्रोक पुरतो. स्ट्रोक छोटा, त्यामुळे चूकही छोटी. थोडा थिन, म्हणजे क्लबची कड बॉलच्या पोटात, लागला तरी बॉल ग्रीनवरच लोळत राहतो, कदाचित होलच्या पाच-सहा पावलं पुढे जाईल, पण पलीकडच्या बंकरात नाही जाणार.

आता उभं कसं राहायचं ते. पाय जवळ घ्या, दोन पायांत एका बुटाएवढी जागा राहिली तरी खूप झाली. क्लब खाली धरा, म्हणजे ग्रिपच्या खालच्या टोकाजवळ, तेवढी ताकद आपोआप कमी होते. वजन टार्गेटकडच्या पायावर, दहातले सहा-सात भाग तिकडे, आणि ते तिथेच राहू द्यायचं, मागे-पुढे झोके घ्यायचे नाहीत. बॉल मधल्या रेषेच्या थोडा मागे. हात बॉलच्या किंचित पुढे. मग खांद्यांनी पटसारखा स्ट्रोक, मनगटं गप्प. बस एवढंच.

यात 'किंचित' हा शब्द मी मुद्दाम लिहिला, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. कुणीतरी सांगतं हात पुढे ठेव, आणि माणूस हात पार पुढच्या मांडीच्याही पलीकडे नेतो. शाफ्ट तेवढा पुढे झुकला की क्लबचा गोल तळ, ज्याला आपण बाउन्स म्हणतो, तो वर उचलला जातो आणि धारदार पुढची कड जमिनीकडे तोंड करते. मग ती कुदळच झाली. तुम्ही म्हणताय ना मागची जमीन खणतो, तर माझा पहिला संशय त्यावरच आहे. दुसरा संशय म्हणजे बॉलला वर उचलायला मदत करायची सवय, शेवटच्या क्षणी मनगटं पुढे टाकून बॉलखाली पळी घालायची. मदत करू नका. ९ आयर्नला चाळीसेक डिग्री लॉफ्ट असतो, तो तुमच्याशिवाय बॉल उचलतो, त्याचं कामच ते आहे.

ग्रीनभोवती कुठला क्लब वापरायचा हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. एक मित्र सगळीकडे पिचिंग वेज वापरतो, दुसरा ७ आयर्नशिवाय काही काढत नाही. नक्की काय करू?

दोघंही बरोबर असू शकतात, एकच क्लब घोटून घोटून पक्का करणारे लोक असतातच, पण त्यांना मग दर वेळी स्ट्रोक बदलावा लागतो. मला उलटं आवडतं, स्ट्रोक एक आणि क्लब बदलायचा. त्यासाठी एक जुना हिशोब आहे, १२ चा नियम म्हणतात त्याला, आणि तो इतका सोपा आहे की मला लवकर कुणी का नाही सांगितला याचा अजून राग येतो.

आधी बॉल कुठे टेकवायचा ती जागा ठरवायची. ग्रीनच्या कडेच्या आत साधारण एक पाऊल. का, तर ग्रीनवरचा टप्पा सपाट आणि भरवशाचा असतो, फ्रिंजच्या, म्हणजे ग्रीनच्या कडेबाहेरच्या, गवतात पडलेला बॉल कधी अडतो कधी उडतो. मग बॉलपासून त्या जागेपर्यंत पावलं मोजा, आणि तिथून होलपर्यंत मोजा. समजा तुमचा बॉल ग्रीनच्या कडेपासून दोन पावलं बाहेर आहे आणि होल कडेपासून दहा पावलं आत. टेकवायची जागा एक पाऊल आत, म्हणजे हवेत तीन पावलं आणि जमिनीवर नऊ. एकास तीन. आता १२ मधून ३ वजा करा, आले ९, काढा ९ आयर्न. एकास चार आलं तर ८ आयर्न, एकास पाच आलं तर ७. पिचिंग वेजला १० समजायचं, म्हणजे एकास दोन.

हे झालं सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनचं. चढ असेल तर एक नंबर खाली या, ९ च्या जागी ८. उतार असेल तर एक वर, ९ च्या जागी पिचिंग वेज. ग्रीन एकदम फास्ट असेल तरी एक वर. आणि वर जे लिहिलं की हात फार पुढे नेऊ नका, त्याचा इथेही संबंध आहे बरं का, शाफ्ट सात-आठ डिग्री पुढे झुकवलात तर तुमचं ९ आयर्न ७ सारखं वागायला लागतं आणि मग बॉल होलच्या पुढे पळाला की लोक नियमाला शिव्या देतात.

अजून एक, पावलं मोजताना लाजू नका. बॉलकडे परत येतानाच मोजून होतं, वीस सेकंदं पण लागत नाहीत. परत येताना उतार कुठे आहे तेही पायाला कळतं, डोळ्यांपेक्षा चांगलं कळतं कधी कधी. आणि उभं राहिल्यावर होलकडे बघून जोर ठरवू नका, ती टेकायची जागा बघा. एखादं फिकं गवत, जुना पिचमार्क (बॉल पडून झालेला खड्डा), काहीही. बॉल तिथे पडला की तुमचं काम झालं, पुढचं काम ग्रीनचं. बहुतेकांचा बॉल लांब जातो तो याचमुळे की डोळे होलवर आणि हात डोळ्यांचं ऐकतात, अख्खं अंतर हवेतून मारून मोकळे होतात.

मी ग्रीनच्या बाहेरून सरळ पटर वापरतो. ग्रुपमधले हसतात, म्हणतात हा काय शॉट आहे का. खरंच चुकीचं आहे का?

हसू द्या त्यांना, स्कोअरकार्डवर चित्र काढायचं नसतं, आकडा लिहायचा असतो. या प्रकाराला इतक्या जुन्या काळापासून टेक्सस वेज असं नाव आहे की त्यावरूनच समजा किती लोकांनी तो वापरलाय.

१९९५ ची ब्रिटिश ओपन, सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स. इटलीचा कोस्तांतिनो रोक्का शेवटच्या होलवर, जॉन डॅलीला गाठायला बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, हवी, बॉल ग्रीनच्या अगदी जवळ. चिप, म्हणजे हाच कडेवरचा छोटा शॉट, करायला गेला आणि चक्क डफ केला, पार फसला. बॉल जेमतेम पुढे सरकून ग्रीनसमोरच्या त्या खोलगट भागात, ज्याला व्हॅली ऑफ सिन म्हणतात तिथे गेला. सगळं संपलं असं वाटलं. मग त्याने पटर काढला आणि साधारण साठ फुटांवरून, खड्ड्यातून वर चढवून, बॉल होलमधे घातला. आडवाच पडला तो जमिनीवर, मुठी आपटत. पुढे प्लेऑफ डॅलीनेच जिंकला ती गोष्ट वेगळी. पण एकाच माणसाने, एकाच होलवर, जवळजवळ एकाच जागेवरून दोन क्लब वापरले आणि त्यातून काय काय निघालं बघा.

माझा क्रम असा, पटर चालत असेल तर पटर, नसेल तर ८-९ आयर्नने पळवायचा, तेही नसेल तर वेजने उडवायचा. पटर कधी चालत नाही? मधलं गवत जाड असेल, ओलं असेल, किंवा तुमच्या दिशेने झुकलेलं असेल. किंवा मधे स्प्रिंकलरचं झाकण आलं. तिथे ८ आयर्नने ते तीन-चार पाऊल गवत हवेतून ओलांडायचं आणि पुढे पटच समजायचा.

बॉल रफमधे, म्हणजे उंच गवतात, थोडा बसलेला असेल तर पण हाच शॉट मारू का?

थोडा म्हणजे किती त्यावर आहे. वरचा अर्धा बॉल दिसत असेल तर हो, पण क्लब एक वरचा घ्या, कारण क्लबफेस आणि बॉलच्या मधे गवत आलं की स्पिन जवळजवळ लागत नाही आणि बॉल जास्त पळतो. ओल्या गवतातही तेच. बॉल पार खाली बसला असेल तर हा शॉट विसरा, सँड वेज घ्या, फेस जरा उघडा आणि ग्रीनवर कुठेही आणा, होलचा हट्ट सोडा.

एक युक्ती मात्र सांगतो, मला फार आवडते. शाफ्ट जरा उभा करायचा, क्लबची टाच जमिनीवरून उचलली जाईल इतका, आणि बॉल टो कडच्या, म्हणजे क्लबच्या पुढच्या टोकाच्या, बाजूने पटसारखा मारायचा. गवतात क्लब कमी अडकतो, कारण जमिनीला टेकणारा भागच कमी झाला. बॉल जरा मवाळ निघतो, ते लक्षात ठेवा. अमेरिकेचा पॉल रनियन असं पटरसारखं चिपिंग शिकवायचा. लहान चणीचा माणूस, ड्राइव्ह फार लांब जायचा नाही. १९३८ च्या पीजीए चँपियनशिपच्या फायनलला समोर सॅम स्नीड, त्या काळातल्या लांब मारणाऱ्यांपैकी एक, ड्राइव्ह याच्या कितीतरी पुढे. आणि रनियनने ती मॅच ८ आणि ७ ने जिंकली, म्हणजे सात होल शिल्लक असतानाच आठने पुढे. लांब मारता येत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या सगळ्यांनी ही मॅच आठवावी असं मला वाटतं.

सर, क्लबच्या स्पर्धेत खेळताना चिप करताना माझा क्लब बॉलला दोनदा लागला. पार्टनर म्हणाली एक पेनल्टी घे, दुसरी म्हणाली नाही घ्यायची. तसंच झेंडा काढायचा का ठेवायचा, आणि माझ्या लाइनवरचे खड्डे बुजवता येतात का, यावर पण दर वेळी वाद होतो.

ताई, पेनल्टी नाही. २०१९ पासून नियम बदललाय, चुकून दोनदा लागला तरी एकच स्ट्रोक मोजायचा आणि बॉल जिथे थांबेल तिथून खेळायचं. त्याआधी एक पेनल्टी असायची, आणि त्याची सगळ्यात महागडी आठवण तैवानच्या टी. सी. चेनची आहे. १९८५ ची यूएस ओपन, ओकलंड हिल्स, शेवटचा दिवस, चार शॉट्सनी पुढे. पाचव्या होलवर ग्रीनजवळच्या जाड गवतातून मारताना क्लब बॉलला दोनदा लागला, त्या होलवर ८ झाले, आघाडी गेली, आणि शेवटी एका शॉटने हरला. एकाच. पुढे लोक त्याला टू चिप चेन म्हणायला लागले, मला ते कधी आवडलं नाही, तुमच्या-माझ्या हातून ते दर महिन्याला होतं, फक्त कॅमेरा नसतो.

झेंडा ठेवा. ग्रीनच्या बाहेरून तर झेंड्याला बॉल लागला तरी आधीपासूनच चालत होतं, आणि २०१९ पासून ग्रीनवरून पट करतानाही चालतं. खालून पळत येणारा बॉल जरा जोरात असेल तर काठी त्याला अडवते, मी तरी चिपला काढत नाही, फक्त काठी वाकडी होऊन तुमच्याकडे झुकली असेल तर आधी सरळ करून घ्या. आणि बॉल काठी आणि होलच्या कडेत अडकून राहिला, त्याचा थोडासाही भाग ग्रीनच्या पातळीच्या खाली असेल, तर तो होलमधे गेला असंच धरतात.

खड्ड्यांचं असं आहे, जे ग्रीनवर आहेत ते बुजवा, तुमचा बॉल ग्रीनच्या बाहेर असला तरी चालतं. ग्रीनवरची सुटी वाळू, माती पण झटकता येते. पण फ्रिंज म्हणजे ग्रीन नाही, तिथला पिचमार्क तुमच्या लाइनवर असेल तर तो तसाच ठेवायचा, हात लावायचा नाही. पानं, काटक्या मात्र कुठल्याही उचला, फक्त बॉल हलू देऊ नका. आणि हो, फ्रिंजवरचा बॉल मार्क करून पुसायची सवय असेल तर सोडा, ते फक्त ग्रीनवर. बॉलचा थोडा जरी भाग ग्रीनला टेकलेला असेल तर तो ग्रीनवर धरतात, तेवढी सूट आहे.

चिपर नावाचा क्लब दिसला. घ्यावा का?

कायदेशीर आहे, पण तो नियमांच्या दृष्टीने आयर्न असतो, पटर नाही, म्हणून ग्रिप गोल हवी आणि मारायची बाजू एकच हवी. दोन्ही बाजूंनी मारता येणारे मिळतात ते स्पर्धेत चालत नाहीत, घेण्याआधी बघून घ्या. लॉफ्ट बघितलात तर बऱ्याच वेळा ७-८ आयर्नच्याच आसपास असतो, म्हणजे तुमच्या बॅगेत ती गोष्ट आधीच आहे, आणि बॅगेत चौदाच क्लब ठेवता येतात. हात फारच थरथरत असतील तर घ्या, लाज नाही. नाहीतर ८ आयर्न खाली धरा, झाला चिपर.

चिप करायची वेळ आली की आजकाल हातच हलत नाहीत. प्रॅक्टिसला सगळं नीट होतं, लोक बघत असले की स्ट्रोक मधेच अडकतो. काय करू?

हे पत्र वाचून मी जरा वेळ थांबलो, कारण एक अख्खा सीझन माझी हीच गत होती. चिप करावी लागू नये म्हणून सेकंड शॉट मुद्दाम ग्रीनच्या मागे मारायचो, तिकडून निदान पटर वापरता येतो म्हणून. असला द्राविडी प्राणायाम. कुणाला सांगितलं पण नव्हतं.

मला बाहेर काढलं ते एका वयस्कर कोचने, आणि त्याने पहिले दोन दिवस क्लब हातातच घेऊ दिला नाही. बॉल हातात घे म्हणाला, आणि खालून फेक, अंडरआर्म, असा की ग्रीनच्या कडेला पडून होलपर्यंत लोळत जाईल. पहिला फेकला, चार फुटांवर. दुसरा, तीन फुटांवर. कधी उंच फेकावासाच वाटला नाही, कारण हाताला उपजत कळतं की खालून टाकलेला बॉल आपल्या ताब्यात राहतो, लहानपणी गोट्या खेळताना कुणी शिकवलं होतं का. मग म्हणाला, आता हाच हात, फक्त बोटांच्या जागी ८ आयर्न. मी नंतर कितीतरी जणांना हे करायला लावलंय, आणि ज्यांचा हात अडकतो त्यांना याचा उपयोग होतो असा माझा अनुभव आहे, कारण फेकताना माणूस पडायच्या जागेकडे बघतो आणि क्लब हातात आला की बॉलकडे टक लावून बसतो, आणि अडकतो तिथेच.

तुम्ही असं करा. ग्रीनच्या आत एक पावलावर छोटा टॉवेल घडी करून ठेवा. आधी पाच-सहा बॉल हाताने फेकून त्याच्यावर पाडा. मग क्लब घ्या, दोन-तीन प्रॅक्टिस स्ट्रोक टॉवेलकडे बघत बघत करा, बॉलकडे बघायचंच नाही, आणि शेवटच्या स्ट्रोकनंतर थांबायचं नाही, बॉलजवळ सरकून लगेच मारायचं, तीन सेकंदांच्या आत. विचार करायला वेळ मिळाला की हात अडकतो. टॉवेलवर पडला तर पुढे कुठे गेला ते मोजू नका. दहातले सहा पडायला लागले की टॉवेल काढा आणि एकच बॉल घ्या, चिप करा आणि तोच पटने होलमधे घाला, मग दुसऱ्या जागेवरून, मग तिसऱ्या. ढीगभर बॉल एकाच जागेवरून मारणं म्हणजे नुसता व्यायाम, खेळताना दुसरा बॉल मिळत नाही.

आणि लोकांसमोर पहिल्यांदा मारताना पटर घेता येत असेल तर पटरच घ्या. मी महिनाभर तेच केलं. टॉवेल मात्र निघताना आठवणीने उचला, माझे आतापर्यंत तीन गेलेत.